यूकेत ईझी ॲक्सेस अकाउंट उघडताय? रेटच्या आधी पैसे काढायची मर्यादा बघा

यूकेत सेव्हिंग्ज अकाउंट निवडताना आपल्यातले बहुतेक जण एकच करतात, व्याजाच्या रेटची तुलना करणारी एखादी साइट उघडतात, 'ईझी ॲक्सेस'वर (म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येतील असं अकाउंट) टिक करतात आणि यादीत सगळ्यात वर जे दिसेल ते उघडून मोकळे होतात. प्रॉब्लेम असा की त्या यादीत वरच्या बाजूला बऱ्याचदा अशी अकाउंट्स असतात ज्यातून वर्षात दोन, तीन किंवा चारच वेळा पैसे काढले तर तो रेट मिळतो. त्यापुढे एकदा जरी काढले, अगदी वीस पौंड काढले तरी रेट एकदम खाली येतो, आणि तो काढलेल्या वीस पौंडांवर नाही, खात्यात उरलेल्या सगळ्या रकमेवर खाली येतो. पैसे अडकत नाहीत, कोणी थांबवत नाही, ॲपमध्ये बटण दाबलं की पैसे करंट अकाउंटला येतात, म्हणूनच आपलं काही नुकसान झालंय हे कित्येकांच्या लक्षातसुद्धा येत नाही.

भारतातून येणाऱ्या माणसाचा यात जास्त गोंधळ होतो आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे सेव्हिंग्ज खातं हेच रोजचं खातं, पगार त्यात, यूपीआय त्यालाच जोडलेलं, भाजीचे चाळीस रुपयेसुद्धा त्यातूनच जातात, आणि करंट खातं धंदेवाल्यांचं. यूकेत पगार, कार्ड, घरभाडं, कौन्सिल टॅक्स सगळं करंट अकाउंटवर चालतं आणि सेव्हिंग्ज अकाउंट बाजूला ठेवलेल्या पैशांसाठी, त्याला बहुतेक वेळा कार्डही नसतं. भारतात मर्यादा नाहीतच असं नाही, पण तिथे मर्यादा ओलांडली की त्या एका व्यवहाराचे पैसे कापले जातात. एटीएमचंच घ्या, फुकटचे व्यवहार संपले की १ मे २०२५ पासून बँक प्रत्येक वेळेला जास्तीत जास्त २३ रुपये अधिक टॅक्स घेऊ शकते. कापले की स्टेटमेंटमध्ये दिसतात, राग येतो, पुढच्या वेळी आपण सांभाळतो. यूकेतल्या या अकाउंट्समध्ये काहीच कापलं जात नाही, फक्त पुढचे कितीतरी महिने व्याज कमी येत राहतं, आणि न मिळालेल्या व्याजाची स्टेटमेंटमध्ये ओळ नसते.

आता हे नेमकं चालतं कसं ते बघू. मर्यादा घालायच्या मुख्य तीन पद्धती आहेत आणि तिन्हींचा फटका वेगवेगळा बसतो.

पहिली पद्धत सगळ्यात जास्त दिसते, वर्षात ठराविक वेळा काढा, त्यापुढे गेलात की रेट खाली. पॅरागॉन बँकेचं डबल ॲक्सेस, व्हर्जिन मनीचं डिफाइन्ड ॲक्सेस, लॉइड्स बँकेचं 'क्लब लॉइड्स' करंट अकाउंट असलेल्यांना मिळणारं ॲडव्हांटेज सेव्हर ही या जातीची अकाउंट्स. नाव नीट वाचलं तर डबल, ट्रिपल, लिमिटेड, डिफाइन्ड असा काहीतरी इशारा त्यातच असतो, पण यादीत भराभर स्क्रोल करताना डोळा फक्त टक्क्यांवर असतो.

दुसरी पद्धत काही बिल्डिंग सोसायट्या (आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्या नव्हेत, सभासदांच्या मालकीच्या बँकेसारख्या संस्था) वापरतात. मर्यादेच्या पुढे काढलं तर रेट तोच राहतो, पण काढलेल्या रकमेवर ठराविक दिवसांचं, समजा ५० दिवसांचं, व्याज कापतात. हे ऐकायला जास्त कडक वाटतं पण प्रत्यक्षात बरंच सौम्य आहे. ४ टक्क्यांच्या अकाउंटमधून ३,००० पौंड जास्तीचे काढले तर ५० दिवसांचं व्याज होतं साधारण १६ पौंड, एकदा गेले, विषय संपला, बाकीची रक्कम पूर्ण रेटवर चालू राहते.

तिसरी पद्धत महिन्याची. ज्या महिन्यात पैसे काढले नाहीत त्या महिन्याला चांगला रेट, काढले तर त्या महिन्यापुरता कमी रेट. एचएसबीसीचं ऑनलाइन बोनस सेव्हर असं चालतं. इथे एकदा काढलं काय आणि पाचदा काढलं काय, त्या महिन्याचा बोनस गेलेलाच असतो, त्यामुळे काढायचं असेल तर जे काही काढायचंय ते एकाच महिन्यात उरकून घ्यावं, आणि २८ तारखेला पैसे लागले आणि दोन-तीन दिवस थांबणं शक्य असेल तर १ तारखेला काढून पुढच्या महिन्याची सगळी कामं त्यातच बसवावी. पहिल्या पद्धतीत मात्र असं नाही, तिथे प्रत्येक वेळ मोजली जाते, म्हणून कमी वेळा आणि मोठ्या रकमा काढायच्या.

पहिल्या पद्धतीचं गणित एकदा करून बघायलाच हवं, कारण खरी गंमत त्यात आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेत. समजा तुमच्याकडे १०,००० पौंड आहेत. 'अ' अकाउंट ४.२ टक्के देतं पण वर्षात तीनदाच काढायची परवानगी, चौथ्यांदा काढलं की वर्ष संपेपर्यंत १.५ टक्के. 'ब' अकाउंट ४ टक्के देतं आणि कितीही वेळा काढा. यादीत 'अ' वर, 'ब' खाली. वर्षभर शिस्तीत राहिलात तर 'अ' मध्ये ४२० पौंड मिळतात, 'ब' मध्ये ४००. म्हणजे सगळं नीट झालं तर फायदा २० पौंड. आता समजा पाच महिने झाल्यावर चौथ्यांदा पैसे काढायची वेळ आली (काढलेली रक्कम छोटी आहे असं धरा, हिशोब सोपा राहतो). पाच महिन्यांचे १७५ पौंड आणि उरलेल्या सात महिन्यांचे ८७ पौंड ५० पेन्स, मिळून २६२ पौंड ५० पेन्स. 'ब' मध्ये बसलेल्या माणसापेक्षा १३७ पौंड ५० पेन्स कमी. २० पौंडांच्या फायद्यासाठी १३७ पौंडांची जोखीम घेतली असा त्याचा अर्थ झाला.

अजून एक गोष्ट या गणितातून निघते. अकरा महिने पूर्ण शिस्तीत राहिलात आणि त्यानंतर मर्यादा मोडली तरी 'अ' मध्ये ३९७ पौंड ५० पेन्स होतात, म्हणजे 'ब' च्या ४०० पेक्षा कमीच. थोडक्यात ०.२ टक्क्यांचा तो जास्तीचा रेट मिळवायचा तर जवळजवळ पूर्ण वर्ष मर्यादा पाळावी लागते. दोन रेटमधला फरक मोठा असेल तर हे चित्र बदलतं, म्हणून तुमच्या समोरच्या अकाउंटचे आकडे घालून कागदावर एकदा करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पण थांबा, यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा १३७ पौंडांचा फटका बसतो तो मर्यादा मोडल्यामुळे नाही, मोडल्यावर तिथेच बसून राहिल्यामुळे. त्याच माणसाने पाच महिन्यांनी मर्यादा मोडल्यावर उरलेले सगळे पैसे उचलून 'ब' मध्ये टाकले असते तर पहिल्या पाच महिन्यांचे १७५ आणि पुढच्या सात महिन्यांचे साधारण २३३, मिळून ४०८ पौंड झाले असते, म्हणजे सुरुवातीपासून 'ब' मध्ये असलेल्यापेक्षाही थोडे जास्तच. रेट पडल्यावर सगळे पैसे काढायला अशा अकाउंट्समध्ये सहसा वेगळा दंड नसतो, रेट तर आधीच पडलेला असतो, मग राहायचं कशासाठी? तरी लोक राहतात, कारण नवीन अकाउंट उघडायचा कंटाळा, पुन्हा पासपोर्ट स्कॅन, पुन्हा पासवर्ड, आणि बँकांना हे पक्कं माहीत असतं. माझं स्पष्ट मत आहे की या अकाउंट्सचा बँकेला होणारा बराचसा फायदा आपल्या या कंटाळ्यातून येतो. म्हणून मर्यादेचं अकाउंट घेताय ना, तर त्याच दिवशी दुसऱ्या बँकेत एक साधं, बिनमर्यादेचं ईझी ॲक्सेस अकाउंट पण उघडून ठेवा, एक पौंड ठेवून चालत असेल तर एक पौंड ठेवा, म्हणजे वेळ आली की पैसे हलवायला पाच मिनिटं पुरतात.

बँका असं करतात तरी का, असा प्रश्न येतोच. बँक आपल्याकडून घेतलेले पैसे घरांच्या कर्जात वगैरे वर्षानुवर्षांसाठी गुंतवते, त्यामुळे उद्या उठून निघून जाणाऱ्या पैशांपेक्षा जागेवर राहणारे पैसे तिला जास्त हवे असतात आणि त्यासाठी ती थोडं जास्त व्याज द्यायला तयार असते. इथपर्यंत सगळं रास्त आहे, उघड सौदा आहे. नोटिस अकाउंट असतं त्यात ३० किंवा ९० दिवस आधी सांगावं लागतं, फिक्स्ड म्हणजे आपली एफडीच, त्यात मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही, आणि या दोन्हींच्या नावातच सगळं येतं. आक्षेप आहे तो मर्यादा असलेल्या अकाउंटला बिनमर्यादेच्या अकाउंटच्या रांगेत 'ईझी ॲक्सेस' म्हणून बसवण्याला. बँक ऑफ इंग्लंडचा बेस रेट २०२१ मध्ये ०.१ टक्क्यावर होता तेव्हा कोणी बघत नव्हतं, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोचला तेव्हा सगळ्यांना सेव्हिंग्ज रेट आठवले, यादीत वर दिसायची चढाओढ वाढली, आणि अशा चढाओढीत वर दिसायचा सोपा मार्ग म्हणजे अट घालून रेट थोडा वाढवायचा.

'एईआर' म्हणून जो टक्का मोठ्या अक्षरात दिसतो तो पैसे पूर्ण वर्ष राहिले तर काय मिळेल हे सांगतो, मर्यादा मोडली तर काय होईल हे त्या आकड्यात कुठेच नसतं. ते असतं समरी बॉक्समध्ये. डिसेंबर २०१६ पासून यूकेत प्रत्येक सेव्हिंग्ज अकाउंटबरोबर ठराविक साच्याचा समरी बॉक्स द्यावा लागतो, त्यात प्रश्न आणि उत्तरं असतात, व्याज किती, बँक ते बदलू शकते का, १,००० पौंड ठेवले तर बारा महिन्यांनी किती होतील, आणि पैसे काढता येतात का. हा शेवटचा प्रश्न आधी वाचा, व्याजाचा नंतर. तेवढा एक परिच्छेद वाचला तरी नव्वद टक्के काम झालं.

तो वाचताना काय शोधायचं तेही सांगतो. वर्ष कुठून मोजतात हे बघा, जानेवारी ते डिसेंबर, की खातं उघडल्या तारखेपासून, की ६ एप्रिल ते ५ एप्रिलचं टॅक्सचं वर्ष. यावरून तुमची मोजणी कधी शून्यावर येणार ते ठरतं, आणि तीनही विड्रॉल संपलेले असताना पुढच्या आठवड्यात वर्ष बदलणार असेल तर आठवडाभर खर्च क्रेडिट कार्डवर भागवणं कधीही परवडतं (बिल वेळेवर पूर्ण भरत असाल तर). एका दिवसात दोनदा काढलं तर एक धरतात की दोन, ते बघा. रेट पडला तर किती दिवसांसाठी पडतो ते बघा. स्वतःच्याच करंट अकाउंटला पैसे फिरवले तरी तो विड्रॉलच धरला जातो, बरेच जण समजतात की पैसे आपल्याच दुसऱ्या खिशात गेले तर मोजणार नाहीत, तसं नसतं. आणि जॉइंट अकाउंट असेल तर दोघांनी मिळून तेवढेच विड्रॉल असतात, नवऱ्याने दोनदा काढले आणि बायकोला ते माहीतच नाही असं व्हायला नको, घरात एकदा बोलून घ्या.

काढायच्या संख्येशिवाय अजून काही अडसर असतात. बऱ्याच अकाउंट्समधून पैसे फक्त आधी नोंदवलेल्या एकाच करंट अकाउंटला जातात, ते अकाउंट बंद केलं असेल तर नवीन नोंदवायला कागदपत्रं आणि दिवस लागतात. काही ठिकाणी ठराविक वेळेच्या आधी सांगितलं तरच त्या दिवशी पैसे मिळतात, नाहीतर पुढचा कामाचा दिवस, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं तर सोमवार उजाडतो. ॲपमधून दिवसाला किती काढता येतील याची वेगळी मर्यादा असते. काही अकाउंट्समध्ये शिल्लक ठराविक रकमेखाली गेली की रेट पडतो, हीसुद्धा एक प्रकारे काढायचीच मर्यादा झाली. आणि ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला फसवणुकीचा ठोस संशय आला तर ती तुम्ही पाठवलेलं पेमेंट जास्तीचे ७२ तासांपर्यंत रोखून धरू शकते, घराचं डिपॉझिट वकिलाकडे पाठवायचं असेल तर अगदी शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

कॅश आयसामध्ये (ज्याच्या व्याजावर टॅक्स लागत नाही असं सेव्हिंग्ज अकाउंट) तर ही गोष्ट अजून नाजूक होते. वर्षाला सगळ्या आयसात मिळून २०,००० पौंड टाकता येतात, आणि पूर्ण २०,००० टाकून झाल्यावर ५,००० काढले तर ते त्याच टॅक्स वर्षात परत टाकता येतील का, हे तुमचा आयसा 'फ्लेक्सिबल' आहे की नाही यावर अवलंबून आहे. फ्लेक्सिबलची सोय एप्रिल २०१६ पासून आहे पण ती देणं बँकेवर बंधनकारक नाही. नसेल तर त्या ५,००० ची त्या वर्षाची टॅक्समुक्त जागा गेलीच. एप्रिल २०२७ पासून ६५ च्या आतल्या लोकांना कॅश आयसात वर्षाला १२,०००च टाकता येणार आहेत, त्यामुळे ही जागा जपून वापरायची गरज अजून वाढणार.

मग मर्यादेची अकाउंट्स वाईट का? मुळीच नाही. कोणता पैसा कुठे ठेवायचा हे जमलं पाहिजे. व्हिसावर असलेल्या कुटुंबाचंच बघा, हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायचे पैसे) मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६, नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षांचं एक्स्टेन्शन म्हटलं तर ८,५३८ पौंड एका झटक्यात द्यावे लागतात, वर व्हिसाची फी वेगळी. हा पैसा वर्ष-दीड वर्ष साठवायचा आणि एकदाच काढायचा, याला दोन विड्रॉलवालं अकाउंट अगदी चोख बसतं. घराच्या डिपॉझिटचंही तेच. याच्या उलट गाडीचा एमओटी (वर्षाची सक्तीची तपासणी), बॉयलर बिघडला, नर्सरीची फी, आईची तब्येत बिघडली आणि उद्याच्या फ्लाइटने मुंबई गाठायचीय, असले खर्च एकतर सारखे येतात नाहीतर सांगून येत नाहीत, यासाठीचा पैसा बिनमर्यादेच्या अकाउंटमध्येच हवा, भले रेट थोडा कमी असो. निदान तीन महिन्यांचा घरखर्च असा ठेवा. तो आटत आला की मोठ्या अकाउंटमधून एकदाच चांगली मोठी रक्कम काढून भरून घ्या, दर महिन्याला दोनशे-तीनशे काढत बसू नका. मागच्या वर्षी सेव्हिंग्जमधून किती वेळा पैसे काढले हे ॲपमध्ये मोजून बघा, तो आकडा चारच्या वर असेल तर मर्यादेचं एकटं अकाउंट तुमच्यासाठी नाही.

अमेरिकेतल्या मंडळींना हे वाचताना ओळखीचं वाटेल. तिथे फेडरल रिझर्व्हच्या रेग्युलेशन डी मुळे सेव्हिंग्जमधून महिन्याला सहाच ऑनलाइन वगैरे ट्रान्सफर चालायचे, एटीएम आणि शाखेतून काढलेले त्यात धरत नसत. २४ एप्रिल २०२० ला फेडने हा नियम काढून टाकला, पण बँकांनी काढलाच पाहिजे असं सांगितलं नाही, त्यामुळे काही बँकांनी सहाची मर्यादा स्वतःचा नियम म्हणून चालू ठेवली. तिथे असाल तर सरकारी नियम गेला म्हणून तुमच्या बँकेचाही गेला असं धरून चालू नका.

यूकेत देखरेख करणारी संस्था एफसीए, तिचा कन्झ्युमर ड्युटीचा नियम ३१ जुलै २०२३ पासून लागू आहे, त्यात बँकेने ग्राहकाला समजेल अशी माहिती द्यायला हवी असं स्पष्ट आहे. माझ्या मते मर्यादा ही रेटच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यायला हवी, तीन विड्रॉलपर्यंत ४.२, नंतर १.५, असं एका ओळीत लिहायला काहीच कठीण नाही. ते होईपर्यंत अकाउंट उघडताना समरी बॉक्सची पीडीएफ स्वतःजवळ सेव्ह करून ठेवा, टर्म्स नंतर बदलतात आणि तुम्ही घेतलं तेव्हा काय लिहिलेलं होतं ते हातात असलं पाहिजे. मर्यादा नीट सांगितलीच नव्हती आणि त्यामुळे व्याज गेलं असं खरंच झालं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, बँकेला आठ आठवडे असतात, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, तिथे ग्राहकाला काही फी नाही, फक्त बँकेचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं.